पाण्याखाली एकटं जायचं नसतं

ज्या माणसाला वाचवायला मी पंजाबी ड्रेससकट पाण्यात उडी मारली, तो माणूस मुळात बुडतच नव्हता.

मार्चमधला रविवार होता. रायपूरच्या चौबे कॉलोनीजवळच्या तरणतलावावर बायकांच्या बॅचची चौकशी करायला गेले होते. काउंटरवर कोणी नाही म्हणून आत डोकावले — तर खोल टोकाला, अगदी तळाशी, एक माणूस मांडी घालून बसलेला. हलत नव्हता. वर थोडे बुडबुडे येत होते, आणि मला वाटलं, हे शेवटचे. पुढचं नीट आठवत नाही. त्याची कॉलर समजून मी जे धरलं तो हवेचा पाइप निघाला, आणि शेवटी त्यानंच मला दंडाला धरून वर आणलं.

तोंडातली नळी काढून तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी सिलिंडर चेक करून राहिलो होतो."

"मले वाटलं तुम्ही गेले."

"जाणारच होतो. तुम्ही पाइप ओढला न."

भार्गव त्याचं नाव. इथल्याच तात्यापाऱ्यातलं जुनं मराठी घर, बोलणं हिंदीच्या वळणाचं. सहा वर्षं तो दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या खालच्या किनाऱ्यावर लोकांना स्कूबा डायव्हिंग शिकवत होता. वर्षभरापूर्वी परत आला आणि समुद्राचा वारासुद्धा न लागणाऱ्या रायपुरात, या बारा फूट पाण्यात, तेच शिकवू लागला. काहून परत आला, हे तो सांगत नसे.

आणि मी गंधाली. मंत्रालयात सहायक. आई-बाबा निवृत्तीनंतर दादाकडे अमरावतीला गेले, मी नव्या रायपुरात सरकारी फ्लॅट घेतला. सोळा फ्लॅटच्या इमारतीत चार घरांत दिवे लागतात. रस्ते एवढे रुंद, की ओलांडताना गाडीची वाट बघायची गरज नाही, गाडीच नसते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून सोमवारी लागेपर्यंत कधीकधी माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे. सोमवारचं पहिलं वाक्य घोगरं यायचं.

मी बायकांची बॅच सोडून त्याच्या क्लासला नाव घातलं. आम्ही पाच जण होतो. पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं, जोडी लागते, हा तिथला पहिला नियम. चौघांच्या दोन जोड्या झाल्या आणि मी उरले. उरायची मला सवय आहे.

"मग तुमची जोडी माझ्यासोबत," भार्गव म्हणाला.

त्यानंतर त्यानं तब्येतीचा फॉर्म दिला. तुम्हाला दमा आहे का, किंवा कधी होता का? माझं लहानपण कारखान्यांच्या बीरगावात गेलं, गच्चीवर रोज काळी धूळ बसायची. शाळेत असताना दप्तरात दम्याचा पंप असायचा. थंडीत अजूनही लागतो. पण माझ्या सबंध आठवड्यात ही एकच जागा अशी निघाली होती, जिथे मला एकटं सोडणं नियमाविरुद्ध होतं. मी "नाही"वर खूण केली.

मग रविवार सुरू झाले. पाण्यात बोलता येत नाही, हातांनीच सगळं. दर मिनिटाला तो बोटांचं गोल करून विचारायचा, ठीक आहेस? मीही गोल करून सांगायचे, ठीक. क्लास सुटला की बाकीचे गाड्या काढायचे, माझी बस तासाभरानं असायची, म्हणून समोरच्या टपरीवर चहा. तोही थांबायचा. त्याला कुठली बस पकडायची होती, देव जाणे.

"शार्कची भीती नाही वाटत तुमाले?" मी एकदा विचारलं.

"वाटते न. पण तिकडे एक शार्क आहे, रॅगी म्हणतात तिले. दात सगळे तोंडाबाहेर, अन् स्वभाव एकदम गरीब. खडकाच्या कपारीत हळूहळू फिरत राहते. आपण खाली वाळूत गुडघ्यावर बसायचं, गप्प. ती जवळून जाते, आपल्याकडे बघत."

"अन् मग?"

"मग काही नाही. तिले वाटलं तर परत येते."

"तिले काय वाटते, ते तुमाले कसं समजते?"

"नाही समजत. म्हणून तर बसून राहतो, गुडघ्यावर." हे तो माझ्याकडे बघत म्हणाला. माझं बिस्किट चहात कधी गळून पडलं, कळलंच नाही.

दुसऱ्या एका रविवारी मी त्याला आईचा नवा हट्ट सांगितला. "म्हणते, पोवळ्याची अंगठी घाल. मंगळ शांत होते, लग्न जमते."

"पोवळं जिवंत असते हो पाण्यात. लाल, जांभळं, काही तर झाडासारखं हलते. तुमच्या लग्नासाठी त्याचा जीव काहून घेता?"

"मग लग्न कसं जमायचं?"

"दुसरा काही उपाय पाहू..." तो म्हणाला. आणि लगेच घड्याळ बघून उठला. नेहमी असंच — एक पाऊल पुढे यायचा आणि पुन्हा "सर" होऊन बसायचा. मी घरी जाऊन भिंतींना विचारायचे, माझं काय चुकलं.

मेमध्ये त्यानं सांगितलं, दोन जूनला तो पुन्हा आफ्रिकेला जाणार. तिकडचा सीझन लागतो, सहा महिने. त्याआधी आम्हा सगळ्यांना वायझॅगला नेऊन खऱ्या समुद्रात उतरवणार होता. त्यासाठी डॉक्टरची सही हवी होती. ऑफिसमधल्या पूर्णिमाचे जावई डॉक्टर, न बघता सही देणारे. माझं काम झाल्यात जमा होतं.

त्या दिवशी टपरीवर मी विचारलं, "सर, तुम्ही परत काहून आले होते?"

"एक जण होता, माझ्यासोबत उतरलेला. हृदयाचा त्रास होता त्याले, फॉर्मवर लपवला. चाळीस फुटांवर... मी वर आणलं त्याले. पण तो काही शुद्धीवर आला नाही." ग्लास खाली ठेवून म्हणाला, "सगळे म्हणाले, तुझा दोष नाही. मले नाही वाटत तसं."

तो आठवडा मी नीट जेवले नाही. खरं सांगितलं तर रविवार जाणार. नाही सांगितलं तर त्याच्यावर हे दुसऱ्यांदा येऊ शकतं, आणि तेही माझ्यामुळे. पुढच्या रविवारी पाण्यात उतरायच्या आधीच मी म्हटलं, "सर, मले दमा आहे."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. फॉर्मवर खोटं लिहिलं मी."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "वर येताना श्वास अडकला तर बारा फुटांतही फुप्फुस फाटते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं न?"

"हव."

"मग काहून केलं?"

"मले शार्क नाही पाहायची. समुद्र नाही पाहायचा. तुम्ही दर मिनिटाले विचारता, ठीक आहेस का... मले कोणी विचारत नाही. म्हणून यायची मी. तुमच्यासाठी यायची."

त्यानं रजिस्टर उघडून माझ्या नावावर रेघ मारली आणि मास्क परत घ्यायला हात पुढे केला. मी बसनं घरी आले.

ते लोक वायझॅगला गेले. मी शनिवार-रविवार खिडकीत बसून काढला. फोन वाजला नाही.

एकतीस मेला, रविवारी, भर दुपारी चार वाजता दारात भार्गव, फॉर्मवरचा पत्ता शोधत आलेला. हेल्मेट हातात, तोंड उन्हानं लाल. दोन ग्लास पाणी प्यायला.

"राग गेला?" मी विचारलं.

"नाही गेला. आठवडाभर झोपलो नाही मी. त्या माणसाच्या जागी तू दिसून राहिली होती." तू म्हणाला तो मला, पहिल्यांदा. "शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याले काही विचारायचं नाही, असा माझा नियम होता. आता तुझं नाव रजिस्टरमध्ये नाही."

"मग विचार."

"परवा चाललो मी. थांबणार नाही, खोटं काहून बोलू. पण वायझॅगला वर्षानं समुद्रात उतरलो, अन् वर आल्यावर वाटलं, कोणाले तरी सांगावं की आलो. आईले सांगितलं तर ती घाबरते." तो अडखळला. "डायव्हर उतरायच्या आधी काठावर एकाले सांगून ठेवतो, किती वाजता वर येणार. माझा तो माणूस तू होशील?"

"एवढ्या दुरून मी काय करू शकते, भार्गव? इथं तर बससुद्धा वेळेवर येत नाही."

"करायचं काही नाही. वाट पाहायची."

"ते येते मले," मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं. त्यानं हेल्मेट खाली ठेवलं आणि माझा हात धरला.

आता ऑगस्ट आहे. इमारतीत अजून चारच घरांत दिवे लागतात. रोज साडेअकराला, तिकडचे आठ वाजले की, त्याचा मेसेज येतो: "उतरतो." तिथून साडेबारापर्यंत माझं फाइलीत लक्ष नसतं. पूर्वी मला कशाची भीती वाटत नसे, कारण जिच्यासाठी वाटावी अशी एकही व्यक्ती नव्हती. आता रोज तासभर मी जीव मुठीत धरून बसते, आणि हा तास मला कोणी मागितला तरी मी देणार नाही.

आज बारा पस्तीस झाले. पूर्णिमा डबा खायला हाक मारून गेली. मी फोनकडे बघत राहिले.

बारा एकोणचाळीसला मेसेज आला. "वर आलो. जेवलीस का?"