दुमडलेला कोपरा

बाथ शहरात मुलीला पियानो आला नाही तरी चालायचं, फ्रेंच मोडकंतोडकं असलं तरी खपायचं. पण एखादी घरगुती जादू आलीच पाहिजे, असा तिथल्या आयांचा आग्रह असे. कुणी गार झालेला चहा फुंकरीनं गरम करी, कुणी कोमेजलेला गुलाब नाच संपेपर्यंत टवटवीत ठेवी. ड्रुसिला हार्टनॉलला चुण्या काढता येत. चुरगळलेल्या रेशमावरून किंवा कागदावरून तिनं बोट फिरवलं की चुणी नाहीशी होई. "जादू कसली, इस्त्री आहे नुसती," असं ती स्वतःच म्हणे. सत्ताविसाव्या वर्षी तिला कशाबद्दलच फारशा शंका उरल्या नव्हत्या.

सोमवारी दुपारी म्हाताऱ्या बटलरनं, जेसपनं, चांदीच्या तबकातून एक भेटकार्ड आणलं. त्यावर नाव होतं 'मिसेस अँब्रोज थॉर्नबी'. वरचा उजवा कोपरा दुमडलेला होता, म्हणजे बाई जातीनं दारापर्यंत आल्या होत्या. नोकराहाती धाडलेल्या कार्डाचे चारही कोपरे सपाट असतात, हे बाथमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ऑगस्टा आत्याच्या हातातली विणकामाची सुई थांबली. अँब्रोज थॉर्नबीची बायको चार वर्षांपूर्वी एव्हन नदीत बुडून गेली होती. आणि आता अँब्रोज ड्रुसिलाला मागणी घालणार, यावर अख्खं गाव पैजा लावत होतं.

"कोण होतं रे, जेसप?" आत्यानं विचारलं.

"बाई होत्या. तोंडावर जाळी होती. मिस घरी नाहीत म्हणालो, नेहमीसारखं. कार्ड ठेवून गेल्या." जेसप जरा घुटमळला. "पायऱ्या पुसून घेतल्यात मी. ओल्या झाल्या होत्या."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"लेडी बुलमरचे उद्योग," ड्रुसिला म्हणाली. "लेक अँब्रोजच्या गळ्यात मारता आली नाही, म्हणून ही खुन्नस. कार्ड काय, कुणीही छापून घेईल. आत्या, तू असा चेहरा केलास की तिचं फावलंच म्हण."

बुधवारी दुसरं कार्ड आलं. नाव तेच, पण या खेपेला वरचा डावा कोपरा दुमडलेला होता. तो अभिनंदनाचा.

"अगं, पण कसलं अभिनंदन?" आत्या पुटपुटली.

तासाभरात अँब्रोज आला. एवढा उंचापुरा माणूस, पण हातातली हॅट गोल गोल फिरवत उभा राहिला. "मला नीट बोलता येत नाही, मिस हार्टनॉल. रस्ताभर पाठ करत आलो होतो..."

"मग पाठ केलेलं राहू द्या. हो," ती म्हणाली.

तो हसला, आणि हा माणूस आपल्याला जिवापाड आवडतो हे तिनं मनाशी एकदाचं कबूल करून टाकलं. कार्डाबद्दल ती त्याला एक अक्षर बोलली नाही.

शुक्रवारी तो लग्नाचा परवाना आणायला ब्रिस्टलला गेला. चारच्या चहाला परत येतो म्हणाला होता. तीन वाजता तबकात तिसरं कार्ड आलं. ते दमट होतं, आणि दुमडलेला कोपरा होता खालचा, डावीकडचा.

"हा कोपरा सांत्वनाचा, ड्रुसी," आत्या म्हणाली. "माणूस गेलं की..."

ड्रुसिलाला संताप आला. "एवढं सगळं कोपऱ्यावरच अडलंय ना? मग कोपराच ठेवत नाही."

तिनं कार्डावरून बोट फिरवलं. चुणी हलेना. असं आजवर कधी झालं नव्हतं. दुसऱ्यांदा फिरवलं, मग ओठ दाबून तिसऱ्यांदा. कोपरा सपाट झाला.

"झालं. आता हे नोकरानं आणून टाकलेलं कार्ड. बाई स्वतः आल्याच नाहीत. तू जा, जरा पड जाऊन."

चारचे टोले पडत असताना तिनं मान वर केली. दारात अँब्रोज उभा होता.

तिला रडू फुटलं आणि त्यातच हसू आलं. तो येऊन शेजारी बसला. तिनं त्याचा हात हातात घट्ट धरला.

"परवाना मिळाला?"

त्यानं हसून मान डोलावली.

"गारठलात किती! चहा येईलच."

जेसप आला. त्यानं टेबलावर एकच कप मांडला.

"अजून एक कप आण, जेसप. मिस्टर थॉर्नबींना."

जेसपनं कोचाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"ते आले नाहीत, मिस. कुणीतरी नुसतं कार्ड टाकून गेलं."

त्यानं तबक पुढे केलं. कार्डावर अँब्रोजचं नाव होतं. तिनं मोकळ्या हाताच्या बोटानं चारही कोपरे चाचपले.

एकही दुमडलेला नव्हता.

तिचा दुसरा हात अजून त्याच्याच हातात होता, आणि तिची बाही कोपरापर्यंत भिजत आली होती.