गेल्या सालचे वाटाणे

संचिताने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हेल्मेट उलटं धरून दुकानात उभा होता.

झालं होतं असं, की कसालच्या नाक्यावर त्याची स्कूटर पंक्चर झाली. पंक्चरवाला म्हणाला, अर्धा तास लागेल. ऊन मी म्हणत होतं, म्हणून सावली बघून हा समोरच्या म्हाडेश्वरांच्या दुकानात शिरला. आत शिरला आणि तिथेच थबकला. भिंतीला लागून ओळीने डबे, काचेच्या झाकणांचे. कुळीथ, चवळी, उकडे तांदूळ, धणे, बेडगी मिरची, काळे वाटाणे... सगळं सुटं. पुडकं म्हणून एक दिसेना. ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने मापाने काढावं, संचिताने तोलून द्यावं, असा तिथला रिवाज. हा रिवाज संचितानेच सुरू केला होता, आणि तो मोडणाऱ्याची ती गय करत नसे.

"अर्धो किलो काळे वाटाणे," तो म्हणाला.

"पिशवी खंय आसा?"

"पिशवी नाय."

"हय प्लास्टिकची पिशवी मिळाची नाय."

"मगे काय ओंजळीत घेव?"

"घे की. खंय जाणार?"

"तारकर्लीक."

तिला हसू आलं, पण तिने ते ओठांच्या आत ठेवलं. कसालहून तारकर्ली म्हणजे मालवण ओलांडून पुढे, तासाभराची वाट. ओंजळीत वाटाणे घेऊन स्कूटर चालवणारा माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला. त्याने मात्र गंभीर चेहऱ्याने हेल्मेट उलटं केलं आणि पुढे धरलं.

"ह्यात घाल."

"आणि डोक्याक काय घालशील?"

"डोक्यात आधीच काय नाय, फुटला तरी चलात."

आता मात्र ती हसली. वजनाकडे बघता बघता हसली आणि मूठभर वाटाणे जास्तच पडले. ते तिने परत काढले नाहीत.

त्याचं नाव सर्वेश. तारकर्लीत आई जानकी घरीच पाहुणे ठेवायची, चार खोल्या होत्या. मुंबईच्या हॉटेलातली नोकरी सोडून आलेला सर्वेश तिथे रांधायचा. सोमवारी पाहुणे कमी असायचे. पुढच्या सोमवारी तो आला, तेव्हा खांद्याला कापडी पिशवी होती. त्याच्या पुढच्या सोमवारीही आला. मग काय, सोमवार उजाडला की संचिता वेणी जरा निगुतीने घालू लागली. तिचे वडील सत्यवान गल्ल्यावर बसून पेपर वाचायचे, म्हणजे पेपर समोर धरायचे. त्यांना सगळं दिसत होतं. बापमाणूस, बोलणार काय?

"मालवणात दुकानां नाय काय रे?" तिने एकदा विचारलंच.

"आसत गो. धा आसत."

"मगे हय कशाक येतस, पेट्रोल जाळून?"

"थंय वाटाणे चाखूक शिकवणारी कोण नाय."

शिकवलं होतं तिनेच. तो डब्यात हात घालायला गेला की ती त्याच्या मनगटावर मापाचा दांडा हळूच मारायची. "हात घालू नको." मग एक वाटाणा काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. "चाव. दाताखाली तुटता आणि गोडसर लागता, तो ह्या सालचो. दगडासारखो लागलो तर गेल्या सालचो. रातभर भिजव, सोडा घाल, काय वाट्टेल ता कर, तो शिजाचो नाय." तळहातावर वाटाणा ठेवताना तिची बोटं टेकायची, एवढीशी, पण तेवढ्यावर तिचा अख्खा आठवडा जायचा.

तो तिला स्वयंपाक सांगायचा. वाटपाचं खोबरं कितपत लाल करायचं, तिरफळ कधी टाकायचं... आणि सांगताना तिच्याकडे असा बघायचा, की ती उगाच धण्याचा डबा पुसत बसायची. बोलायचं ते दोघंही बोलत नव्हते. माणसं कशी असतात बघा, खोबऱ्यावर तासभर बोलतील आणि मनातलं एक वाक्य काढायला त्यांना चार महिने पुरायचे नाहीत.

शिमगा झाला, नवा माल आला. गेल्या सालचे उरलेले वाटाणे संचिताने बाजूला एका डब्यात काढून ठेवले, विकायचे नाहीत म्हणून. आणि त्याच आठवड्यात सर्वेश सोमवार सोडून बुधवारी आला. सकाळीच.

"उद्या दुपारी माझ्याकडे जेवूक मस्कतच्या हॉटेलचे सायेब येतत," तो म्हणाला. "वडे आणि काळ्या वाटाण्याचा सांबारा. आवडला तर माका नेतले. दोन वर्षां. मोठा किचन, हाताखाली आठ माणसां."

"बरा मा मगे," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

तो काउंटरवरच्या मापाशी चाळा करत राहिला. मग मान वर न करता त्याने विचारलं, "जाव काय गो मी?"

सांगून टाकायचं होतं. नको जाऊ म्हणायचं होतं. सोमवारशिवाय मला दिवस नाही, असं म्हणायचं होतं. पण बाबा पेपरामागे होते, दारात गिऱ्हाईक होतं, आणि तिचा मेला स्वाभिमान... त्याने आधी बोलावं ना. मलाच का विचारतो?

"माका काय इचारतस? तुझा तू बघ."

"वायच सांग तरी."

"किती देव वाटाणे?"

"एक किलो," तो म्हणाला. "चांगले दी. सगळा तुझ्या वाटाण्यांवर आसा."

ती वळली. दोन डबे शेजारी शेजारी होते. आणि तिचा हात गेल्या सालच्या डब्याकडे गेला. हात आपोआप गेला असं ती पुढे कितीही म्हणाली, तरी ते खरं नव्हतं. तिला पक्कं ठाऊक होतं ती काय करते आहे ते. तिने तोलले, त्याच्या पिशवीत ओतले, तोंड बांधलं. त्याने पिशवी घेतली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो गेला.

दुपारी ती जेवण तसंच टाकून उठली. संध्याकाळी तो वाटाणे भिजत घालेल. उद्या रांधेल. पाहुण्यांच्या दाताखाली खडे येतील, आणि त्याचं तोंड कसं होईल ते तिला दिसू लागलं. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याच्याच पानात माती कालवली आपण. फोन हातात घेतला, ठेवला. असलं काही फोनवर सांगता येतं होय? तीन वाजता तिने नवे वाटाणे परातीत घेतले, एकेक करून निवडले, पिशवीत भरले आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मी तारकर्लीक जावन येतंय."

सत्यवानांनी पेपर खाली केला. "सांभाळून चालव," एवढंच म्हणाले, आणि पहिल्यांदाच पेपर घडी करून बाजूला ठेवला.

ती पोचली तेव्हा जानकी ओसरीवर नारळ सोलत होती. काही न विचारता तिने हाताने स्वयंपाकघर दाखवलं. सर्वेश आत वड्यांचं पीठ चाळत होता. तिला पाहून चाळणी तशीच राहिली. ओट्यावर पातेल्यात तिने दिलेले वाटाणे होते, अजून पाणी घातलं नव्हतं.

"ते भिजवू नको," ती धापा टाकत म्हणाली. "गेल्या सालचे आसत. मी... मुद्दाम दिलंय."

"माका ठावक आसा."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"कसालच्या पुढे गाडी थांबवलंय," तो शांतपणे म्हणाला, "आणि एक चावलंय. तूच शिकवलंस मा."

"मगे परत कशाक नाय इलस?"

"माका वाटला, ह्याच तुझा उत्तर. तोंडान सांगूक नाय झाला, म्हणान वाटाण्यांनी सांगलंस."

"आणि तू हेच शिजवणार होतस? त्या सायबांसमोर?"

"होय."

"पिसो काय रे तू?" म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले. तिने पुसले नाहीत. आता लपवायचं उरलंच काय होतं? "असो हरान रवलस तर माका नको. जल्मभर माझ्याकडे बघशील आणि मनात म्हणशील, हिच्यापायी सगळा गेला. हे नवे वाटाणे. हे शिजव, त्यांका बोटां चाटूक लाव. आणि..."

"आणि काय?"

"माका तू व्हयो आसस. तू गेलस तर मी काय करू, माका ठावक नाय. ता पण सांगूक इलंय."

"दोनय एकदम?"

"दोनय एकदम."

तो पुढे आला. पिठाने माखलेले हात त्याने मागे धरले होते, तिच्या ओढणीला लागू नयेत म्हणून. इतक्या जवळ तो कधी आला नव्हता. तिच्या कपाळाला त्याने आपलं कपाळ टेकवलं. बाहेर नारळ सोलायचा आवाज थांबला होता, हे त्या दोघांच्या लक्षात आलं नाही. मग त्याने जुने वाटाणे टोपलीत काढले, तिने नवे पातेल्यात ओतले आणि पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात नेहमीच्या गिऱ्हाईक सीताकाकू कुळीथ काढत होत्या, तेव्हा फोन वाजला.

"घेतल्यानी माका," सर्वेश म्हणाला. "तीन येळा सांबारा मागून घेतल्यानी."

"बरा झाला," ती म्हणाली. खरंच बरं झालं होतं. आणि खरंच काळजात काहीतरी तुटलं होतं. दोन्ही खरं होतं, त्याला ती काय करणार? "कधी जातलस?"

"गणपती करून. त्याच्या आधी मी हलाचंय नाय, असा सांगलंय. आणि लगीन ठरलाहा म्हणान पण सांगलंय."

"कोणाशी?"

"ताच इचारूक फोन केलंय." मग म्हणाला, "दोन वर्षां आसत गो. लहान नाय. दुकानदारीण म्हणान वाट बघशील, काय बायको म्हणान?"

सीताकाकूंनी माप कुळथात तसंच ठेवून कान टवकारले. सत्यवान पेपर धरून बसले होते, पण आज तो उलटा होता. संचिताने तोंडावर हात धरला, मग काढला.

"वाट तर कशीय बघूचीच आसा," ती म्हणाली. "मगे बायको म्हणान बघतंय. हक्कान रडूक तरी मिळतला."

आणि तो हक्क तिने तिथेच, सीताकाकूंच्या देखत, बजावायला सुरुवात केली.