डावीकडचा कान

लग्नाच्या वाढदिवसाला मुलीने आईवडिलांना द्राक्षमळ्यांमधल्या एका जुन्या बंगल्यात मुक्कामाला धाडलं. बंगल्याचं आता हॉटेल झालं होतं. भिंती हातभर जाड, जिने कुरकुरणारे, आणि तळघरातल्या पिंपांचा आंबूस वास पार उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचलेला. वडील हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, म्हणजे ऑफिसने तसं सोनेरी घड्याळ देऊन कळवलं होतं. त्यांना स्वतःला ते अजून पटलं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी नळ गळतो का ते तपासलं.

पहिल्याच चहाला बायको हरखली. तिच्या कपाचा कान डावीकडे होता. ती डावखुरी, आयुष्यभर समोरचा प्रत्येक कप स्वतःच फिरवून घेणारी.

"तुम्ही फिरवलात?"

हेडक्लार्कांनी कोपऱ्यातल्या वेटरकडे पाहिलं. वेटर तरुण होता आणि, काही कारण नसताना, दाट केसांचा होता.

"मग दुसरं कोण फिरवणार?"

"बरं सुचलं, एवढ्या वर्षांनी," ती म्हणाली, पण लाजली.

जेवताना तिच्या काट्या-सुरीच्या जागा उलट. खुर्चीच्या पाठीवर तिची शाल. दर वेळी ती नवऱ्याकडे बघून हसे, आणि दुसऱ्याने तयार केलेल्या फायलीवर सही ठोकावी तसं हेडक्लार्क ते हसू आपल्या नावावर घेत. आतून मात्र जळत होते. शेवटी त्यांनी वेटरला जिन्याखाली गाठलं.

"माझ्या बायकोचं फार बघता तुम्ही."

"मी नाही, साहेब. आम्ही सगळ्यांना सारखंच मांडतो." वेटरचा आवाज खाली गेला. "जुन्या मालकांच्या बाई डावखुऱ्या होत्या. मालक जाऊन जमाना झाला, पण डावखुरी बाई मुक्कामाला आली की... तुम्ही ते स्वतःच्या नावावर नाही ना घेतलंत? बाईंना खरं सांगून टाका, साहेब. आजच."

सांगायचंच, असं ठरवून ते खोलीत आले. पडदे ओढलेले. डोकं दुखतं म्हणून बायको पडली होती. चेहरा कधी नव्हे इतका निवांत.

"कपाळ किती छान चेपलंत हो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "हात तेवढे गार आहेत तुमचे..."

खरं अगदी जिभेवर आलं. पण मग हा निवांतपणा कोणाच्या नावावर जाणार? एका मेलेल्या माणसाच्या?

"बरं वाटलं ना?" हेडक्लार्क म्हणाले.

पलंगाच्या पलीकडे फळी कुरकुरली. कुणी सावकाश उठून उभं राहावं तशी.

सकाळी टॅक्सी आली. बायको आधी जाऊन मागे बसली. हेडक्लार्क नळ नीट बंद आहे ना ते बघायला पुन्हा वर गेले. खाली येतात तोच गाडीचं दार लागलं.

"आले हे. चला," बायको ड्रायव्हरला म्हणाली.

"अगं, थांब... मी इथे..."

पायरीवर वेटर कप गोळा करत होता. त्याने मानही वर केली नाही.

गाडी वळली. खिडकीच्या काठावर बायकोचा डावा हात होता आणि त्यावर अलगद ठेवलेला एका पुरुषाचा हात. त्या हातावरचं सोनेरी घड्याळ उन्हात चमकलं.

हेडक्लार्कांनी आपलं मनगट पाहिलं. घड्याळाच्या जागी कातडीवर फिकट पट्टा तेवढा उरला होता. त्यांनी त्यावर दुसरा हात ठेवला. दोन्ही हात सारखेच गार होते.