शून्य तक्रारींची भिंत

छाया गांगुर्डेंनी भर दुपारी वरवंट्यानं स्वयंपाकघराची भिंत फोडली आणि पलीकडच्या गद्रेबाईंना जिवंत बाहेर काढलं.

असं काही घडलेलं नाही. ‘एकोपा’ गृहसंकुलाच्या नोंदींप्रमाणे त्या दुपारी कुठली भिंत फुटली नाही, कुणी पडलं नाही, आणि वरवंटा तर जागचा हललाच नाही. तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरून सुरुवातीपासून सुरुवात करू.

एकोपा नाशिकच्या कडेला उभं होतं. मिश्र वस्तीचा नवा कायदा आला तेव्हा बांधलेलं. प्रत्येक विकत घेतलेल्या फ्लॅटला लागून एक सरकारी भाड्याचं घर, अशी कायद्याची अट. पैसेवाले आणि बिनपैसेवाले शेजारी राहिले की आपोआप एकमेकांचे होतात, असा कायदा करणाऱ्यांचा अंदाज होता. ते स्वतः बंगल्यांत राहत. आणि कायद्यात शेजारी राहायचं लिहिलं होतं, एकाच दारानं आत यायचं लिहिलं नव्हतं. म्हणून फ्लॅटवाल्यांना पुढून काचेचं दार, कुंड्या आणि चेहरा ओळखणारं कुलूप. भाडेकरूंना मागचा जिना. चेहरे त्यांनाही होते, पण ओळखायची सोय नव्हती.

छायाबाई भाड्याच्या घरात राहून मसाले करून विकायच्या. भिंतीपलीकडे फ्लॅटमध्ये शुभदा गद्रे, निवृत्त संगीतशिक्षिका, एकट्या. दोघींची दारं तेव्हा एकाच बोळात उघडायची आणि मधली भिंत इतकी पातळ होती की भांडायला उठून जावं लागत नसे.

“छाया, सुकट भाजतेयस की घर पेटवतेयस?”

“तुमच्या पेटीपेक्षा बरंय! शेपूट दारात सापडल्यासारखी रडते.”

“पेटीला सूर तरी असतो. तुझा मिक्सर ऐकून माझ्या कवळीचे दात हलतात.”

“मग काढून ठेवा की! नाहीतरी सगळ्यांना चावण्यापलीकडे काय काम आहे त्यांना?”

एवढं झालं की छायाबाई बोळातून एक वाटी सुकट गद्रेबाईंकडे पोचवायच्या. गद्रेबाईंच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी मासा खाल्ला नव्हता. त्या औषध म्हणून खायच्या. आजार कुठला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

एके दिवशी वास आला आणि वाटी आली नाही. छायाबाईंकडे पाहुणे होते, सुकट संपली. गद्रेबाईंना राग आला. त्यांनी संकुलाच्या ‘शेजारमित्र’ यंत्रणेवर तक्रार ठोकली. यंत्रणेत तक्रारीचे प्रकार ठरलेले होते : आवाज, वास, मुलं, जनावरं. ‘वाटी आली नाही’ असा प्रकार नव्हता. त्यांनी ‘वास’ दाबलं. छायाबाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी लगेच ‘आवाज’ दाबून परतफेड केली. समोरचीपर्यंत एक ठसठशीत टोमणा पोचला, एवढंच दोघींना वाटलं.

शेजारमित्राला टोमणा कळत नसे.

तिथली प्रत्येक मधली भिंत म्हणजे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये एक फेस. भिंतीत बारीक कान बसवलेले. एकदा तक्रार आली की वीज कायमची सोडली जायची, फेस फुगायचा आणि आवाज, वास गिळून टाकायचा. पलीकडे जेवढा गोंगाट, तेवढी भिंत जाड. कागदोपत्री तिचं नाव ‘सौहार्द-पटल’, रहिवासी तिला फुगीर म्हणत. दोन शेजाऱ्यांना समोरासमोर बसवून बोलतं करण्यापेक्षा भिंत फुगवणं सोपं, हा शोध लावणाऱ्याला कुठलासा सन्मानही मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुगीर वीतभर फुगली. बोळातही एक नवी उभी राहिली. आता गद्रेबाईंकडे जायचं तर मागच्या जिन्यानं खाली, संकुलाला वळसा, आणि पुढच्या दाराशी छायाबाईंचा चेहरा न ओळखणारं कुलूप.

दोघी भेटायच्या त्या फाटकाबाहेरच्या भाजीच्या गाडीवर.

“तुम्ही माझ्या वासाची तक्रार केलीत?” छायाबाईंनी मेथीच्या जुडीसकट हात नाचवला.

“वासाची कुठे? वास येतो आणि वाटी येत नाही, याची! पण ते लिहायला जागा होती का मेल्यांकडे?”

“मग मागे घ्या.”

“घेतली. तक्रार मागे घेता येत नाही म्हणाले. फार तर तक्रारीविरुद्ध तक्रार करता येते.”

“मग?”

“केली. भिंत आणखी फुगली.”

व्यवस्थापक निरंजन दाभोळे मात्र खुशीत होता. संकुलातल्या बहुतेक घरांना आता कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तक्रारी शून्यावर आल्या होत्या. ‘आदर्श मिश्र वस्ती’ पुरस्काराची समिती येणार होती.

आणि एका दुपारी छायाबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या असताना त्यांची मसाल्याची फळी भिंतीपासून सुटून खाली आली. त्यांनी वर पाहिलं. फुगीर पुढे सरकत होती. थांबत होती, पुन्हा सरकत होती. डबे एकामागून एक ओट्यावर पडत होते.

पलीकडून आवाज काहीच नव्हता.

छायाबाई देठ खुडायच्या थांबल्या. पलीकडे आवाज झाल्याशिवाय फुगीर फुगत नाही. पेटी असती तर एकसारखी फुगली असती. ही अडखळत फुगत होती. दम लागून थांबणाऱ्या माणसासारखी.

गद्रेबाई ओरडत होत्या.

छायाबाईंनी दाभोळेला फोन लावला.

“भाऊ, पलीकडे म्हातारी ओरडतेय. दार उघडा!”

“ओरडतायत? आवाजाचा त्रास होतोय का तुम्हाला?”

“अहो, आवाज येतच नाहीये!”

“मग तक्रार काय आहे?”

“भिंत फुगतेय!”

“म्हणजे यंत्रणा काम करतेय, मॅडम. आणि गद्रे मॅडम बेलला उत्तर देत नाहीयेत, म्हणजे त्या ‘व्यत्यय नको’मध्ये आहेत. त्यांच्या खासगीपणाचा आपण आदर करू या.”

“तुझ्या खासगीपणाला आग लागो!” छायाबाईंनी फोन पिठाच्या डब्यात फेकला आणि वरवंटा उचलला.

पत्रा चार घावांत वाकला. आत शिळ्या पावासारखा फेस. त्या दोन्ही हातांनी उपसत होत्या, आणि भिंत त्यांच्या घावांचाच आवाज ऐकून पुन्हा फुगत होती. जेवढं तोडावं तेवढं भरून येई. छायाबाई शिव्या घालत होत्या : भिंतीला, दाभोळेला, कायद्याला, सन्मानवाल्याला. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दात आवळले, वरवंटा खाली ठेवला आणि हूं की चूं न करता, निव्वळ नखांनी फेस ओरबाडायला सुरुवात केली. भिंतीला काही ऐकू येईना. फुगायची थांबली. पलीकडचा पत्रा त्यांनी खांद्यानं रेटला.

गद्रेबाई ओट्याखाली पडल्या होत्या, पाय वाकडा, आवाज बसलेला.

“बहिरी झालीस का गं?” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “सकाळपासून बोंबलतेय!”

“मी नाही, भिंत बहिरी,” छायाबाई म्हणाल्या, आणि मग तिथेच, फेसाच्या ढिगात बसून, रडल्या.

गद्रेबाईंना दवाखान्यात नेलं. संध्याकाळी दाभोळे भगदाडापाशी उभा राहिला आणि हळहळला, “उद्या समिती येतेय हो.”

रात्रीतून भिंत भरून आली, पहिल्यापेक्षा जाड. मंजूर नकाशात भगदाडाचा उल्लेख नव्हता, म्हणून ती फुटणं शक्यच नव्हतं. भिंत फुटली नाही तर छायाबाई पलीकडे गेल्या नाहीत, आणि त्या गेल्या नाहीत तर गद्रेबाई पडल्याच नव्हत्या. पायाचं प्लास्टर ‘रहिवाशाच्या पोशाखातील बदल’ म्हणून नोंदलं गेलं.

समितीनं सगळे मजले पाहिले. “काय शांतता आहे!” अध्यक्ष म्हणाले.

“शांतता मसणातही असते, साहेब,” छायाबाई म्हणाल्या. “तिथली वस्तीही मिश्रच.”

अध्यक्षांनी मान डोलावून ते ‘रहिवाशांच्या सकारात्मक सूचना’ या सदरात टिपून घेतलं. पुरस्कार मिळाला.

गद्रेबाई कुबडी घेऊन घरी आल्या तेव्हा दोघी भाजीच्या गाडीशेजारच्या कट्ट्यावर बसल्या. सांगणाऱ्या गद्रेबाई, लिहिणाऱ्या छायाबाई. दर वाक्याला भांडण झालं. ‘सविनय’ लिहायला छायाबाई तयार नव्हत्या, शेवटी गद्रेबाईंनी तो शब्द स्वतः लिहिला. अर्ज असा :

“प्रति, व्यवस्थापक, एकोपा गृहसंकुल. सविनय विनंती करण्यात येते की, यापुढे भिंतीपलीकडून कुणी ओरडल्यास त्याची नोंद ‘आवाज’ या सदरात न करता ‘माणूस’ या सदरात करण्यात यावी. तसे सदर यंत्रणेत उपलब्ध नसल्यास ते कधी उघडण्यात येईल, आणि तोवर आम्ही कोणत्या सदरात जिवंत राहावे, हे लेखी कळवण्याची कृपा व्हावी.”