चंद्रावरची पंगत

बारा बंब पाणी तीन घुमटांत वाटलं, तरी दोन बंब उरले आणि एक घुमट तहानलेलाच! असं होईल कसं? शाल्मलीचं डोकं गरगरायला लागलं.

चंद्रावरच्या त्यांच्या वस्तीला बर्फाच्या खाणीतून एकच नळ येई; दुसरा अजून व्हायचा होता. त्याची वहनक्षमता (दिवसभरात किती वाहून नेता येतं ते) बारा बंब. पहिल्या घुमटाला दोन लागत, दुसऱ्याला चार. शाल्मलीच्या तिसऱ्याला आठ, कारण तिथे भाताची रोपं होती. सहाच्या खाली ती जगली नसती. आणि रोपं मेली की घुमट बंद, सगळ्यांची रवानगी पृथ्वीवर! शाल्मलीने तर पृथ्वी फक्त खिडकीतून पाहिलेली.

"मी सारखं वाटलं, चार-चार," पाणी सोडणारा यंत्रमानव टिल्लू म्हणाला. "पहिल्यांची टाकी दोनातच भरली. उरलेले दोन खाणीत परत गेले."

"मग मागतील तसं दे ना!"

"काल दिलं, ताई. दुसऱ्या घुमटाने चाळीस मागितले."

ऐकावं ते नवलच! सारखं दिलं तरी चूक, मागेल तसं दिलं तरी चूक. शाल्मली रडकुंडीला आली.

तिची आत्या वस्तीचं पाणीखातं बघायची. ती हसली. "अरे टिल्लू, पंगतीत आमटी कशी वाढतात? आधी सगळ्यांना एकेक पळी, मग दुसरी फेरी. पोट भरलेला पानावर हात धरतो, मग त्याची पळी पुढच्याला."

"आणि एखादा हावरट असला तर?"

"तोंडाला विचारूच नकोस. टाकी भरली की झडप बंद कर."

दुसऱ्या दिवशी टिल्लू प्रत्येकाला एकेक बंब सोडू लागला. दोन फेऱ्यांत पहिली टाकी भरली, चारांत दुसरी. मग सगळं तिसऱ्याकडे. पाच... सहा! आणि नळ थांबला.

"पण आम्हाला आठ हवे होते," शाल्मली फुरंगटली. "हा कसला न्याय?"

"कमाल-किमान न्याय (ज्याला सगळ्यांत कमी मिळतं, त्याचा वाटा आधी होईल तेवढा वाढवणं)," आत्या म्हणाली. " आता तुला जास्त द्यायचं, तर तुझ्याहून कमी मिळालेल्याचं काढावं लागेल."

"काढू?" टिल्लूने विचारलं. "पहिल्यांचे दोन?"

शाल्मलीने मनात हिशेब केला. त्यांच्याकडे होतेच दोन.

"नको. रोपं जगतील ना? दुसरा नळ होईपर्यंत आम्ही एक दिवसाआड अंघोळ करू."

टिल्लू पुरता गोंधळला. "कमी पडलं तिलाच, आणि नको म्हणतेय तीच?"

"हो," म्हणत शाल्मली रोपांकडे पळाली.