‘पाणवठा’ कोणी फाडला?

चित्रकार लीलाधर बोरोले यांचं डोकं त्यांच्याच प्रदर्शनात, त्यांच्याच हातोडीनं फुटलं होतं.

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस. सन सदुसष्ट. धुळ्याच्या वाचनालयाचं सभागृह दुपारच्या जेवणासाठी बंद होतं. पहारेकरी झिपरू दाराशी बसला होता. डोळा लागला नव्हता, असं तो शपथेवर सांगत होता. गालावर मात्र दाराच्या कडीची खूण उमटली होती. आतून धप्प आवाज आला, थोड्या वेळानं पुन्हा पावलं वाजली, तेव्हा तो उठला आणि आत जाऊन किंचाळला.

बोरोले पालथे पडले होते. रक्त फरशीच्या उतारानं निघून थेट अध्यक्षांच्या खुर्चीखाली साचलं होतं. भिंतीवरच्या ‘पाणवठा’ या चित्रातल्या बाईचा चेहरा पुठ्ठा कापायच्या सुरीनं फाडून टाकलेला. तिची लाल-हिरव्या लाटांची लहरिया ओढणी तेवढी शाबूत राहिली होती.

आणि प्रेताशेजारी निर्मलकुमार उभा होता. सरकीचे बडे व्यापारी लखीचंदशेठ यांचा मुलगा. सदरा रक्तानं भिजलेला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दुसरंच एक चित्र.

“आता शोधायचं काय राहिलं, साहेब?” हवालदार निंबा म्हणाला. “आरोपी मुद्देमाल काखेत घेऊनच उभा आहे.”

फौजदार भटू देवरे यांना आयती मिळालेली वस्तू पटत नसे. दुकानदारानं न मागता सूट दिली, तर ते आधी माल उलटा करून बघत.

त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. पांढऱ्या साडीतली एक मुलगी खिडकीशी वाचत बसली होती. डोकं उघडं. चित्राचं नाव ‘खिडकी’.

“ही कोण?”

“माझी बायको. मोहनबाई.” निर्मलकुमार म्हणाला. “एरंडोलला बोरोले गुरुजी तिला चित्रकला शिकवायचे. तेव्हाचं आहे.”

“डोकं उघडं कसं?”

“माहेरी कोण झाकतं?”

“आणि तू ते पळवत होतास.”

“विकत घेणार होतो. घरी कळायच्या आत.”

“बोरोलेंना कोणी मारलं?”

निर्मलकुमारनं दाराकडे पाहिलं.

“मी. लिहून घ्या. फाशी द्या.”

“मग ‘पाणवठा’ का फाडलास?”

निर्मलकुमारनं बेडीसाठी दोन्ही हात पुढं केले.

संध्याकाळी रुपचंद पेंटरला बोलावलं. हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. प्रदर्शनात दुसरा आला होता आणि त्याबद्दल गावभर पहिल्या क्रमांकानं बोलत होता.

“बोरोलेंशी भांडलास?”

“कप त्याला मिळाला त्या दिवशी चोर म्हणालो, साहेब. आता मेला, तर भला माणूस म्हणतो. आपलं काय जातं?”

“आज सकाळी कुठं होतास?”

“लखीचंदशेठच्या पेढीवर. पाटी रंगवत होतो.”

“नुसतीच पाटी?”

रुपचंदनं मान खाजवली. “सहज बोलून गेलो. म्हटलं, शेठ, तुम्ही प्रदर्शनाचे अध्यक्ष, आणि तुमच्याच सुनेचं तोंड तिथं भिंतीवर टांगलंय! बोरोलेच मला म्हणाला होता, माझी विद्यार्थिनी आता लखीचंदांची सून आहे म्हणून.”

“चित्र कोणतं, ते सांगितलंस?”

“छे! शेठ हसले. म्हणाले, पाटीचा रंग जरा गडद कर. निर्मलभाऊ तेवढा उठून गेला.”

“दोघांनीही ऐकलं?”

“मी काय हळू बोलतो का, साहेब?”

दिवेलागणीला लखीचंदशेठ स्वतः चौकीत आले. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, सोबत वकील. मुलासाठी डबा मात्र नव्हता.

“कायद्याला कायद्याचं काम करू द्या, फौजदारसाहेब. बायको भिंतीवर टांगलेली बघून कोणाचं डोकं फिरणार नाही? पोरगा रागात वाहवला.”

“सूनबाईंशी बोलावं लागेल.”

“ती आजारी आहे. आणि आमच्या घरात सून परपुरुषाशी बोलत नाही. अहो, परपुरुषाचं सोडा. तिच्या लग्नापासून मी तिचं तोंड पाहिलेलं नाही की आवाज ऐकलेला नाही. अब्रू म्हणतात ती हीच.”

“दुपारी तुम्ही कुठं होता?”

“घरी. जेवून आडवा झालो होतो.”

भटू देवरेंनी त्यांना चहा पाजला. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मुलगा पलीकडच्या कोठडीत होता. त्याची चौकशीसुद्धा केली नाही.

सकाळी भटू देवरे टेबलावर ‘पाणवठा’च्या चिंध्या टाचण्यांनी जोडत बसले होते. एकेक तुकडा बसत गेला. रुंद कपाळ, हनुवटीवर गोंदण, पन्नाशीकडे झुकलेली बाई. एवढ्यात तीच बाई धापा टाकत चौकीत शिरली.

निंबाच्या हातातला कप खाली पडला.

“भाऊ, लवकर चला!” ती रडत होती. लखीचंदांच्या घरी झाडलोट, धुणीभांडी करणारी धुरपदाबाई. “धाकली शेठानीले खोलीमा कोंडं शे. मारं शे. आज तिना जीव घेतीन!”

“धुरपदाअक्का, हे चित्र कोणाचं?”

तिनं डोळे पुसले. “मन्हंच शे. मास्तरनी नदीवर काढं व्हतं.”

“आणि ही ओढणी?”

“धाकली शेठानीनी. गये दिवाळीले मले दिधी.”

भटू देवरे उठले. टोपी घालायलाही थांबले नाहीत.

लखीचंदशेठ बैठकीत लोडाला टेकून बसले होते. भटू देवरेंनी ‘खिडकी’ त्यांच्या समोर धरली.

“या मुलीला ओळखता?”

शेठनी शांतपणे पाहिलं. “नाही. कोण आहे ही?”

“बस, शेठ. एवढंच हवं होतं.” भटू देवरेंचा आवाज चढला नाही. “ही तुमची सून. रुपचंद पेढीवर बोलला ते चित्र हे. निर्मलकुमार खुनी असता, तर त्यानं हे फाडलं असतं. तो आपल्या बायकोला ओळखतो. म्हणून सरळ हेच उचललं. सदऱ्यावरचं रक्त बोरोलेंना उचलू पाहताना लागलेलं. दुसऱ्या चित्राला त्यानं हात का लावावा? रुपचंदचा राग कपावर होता, पण कप मिळाला या ‘खिडकी’ला, आणि हिला ओरखडाही नाही. चित्र चुकलं कोणाचं? ज्याला सुनेच्या चित्राचा राग आला, पण सुनेचा चेहरा माहीत नाही, त्याचं. तुम्ही तिला ओळखता ते ओढणीवरून. दर सणाला वाकून नमस्कार करणारी लहरिया. तीच भिंतीवर दिसली. बोरोले ‘अहो, ती नव्हे’ म्हणायच्या आत तुम्ही हातोडी घातली.”

“बोला, बोला. पुरावा?”

“निर्मलकुमारनं तुम्हाला सभागृहाच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. म्हणून तो तुमच्यासाठी फाशी मागतोय. आणि तुम्ही त्याला देताय.”

शेठ लोडावरून हलले नाहीत. “बापाविरुद्ध तो साक्ष देणार नाही. मी घडवलाय त्याला.”

“निंबा, आतलं कुलूप तोड.”

पहार एकदा बसली, पुन्हा बसली. कडी उखडली.

मोहनबाई भिंत धरत बाहेर आली. घुंगट हनुवटीपर्यंत ओढलेला, त्यावर वाळलेलं रक्त. ओढणीखालून तिनं एक गोळा काढला आणि फौजदारांसमोर टाकला. अर्धं जळालेलं धोतर. उरलेल्या अर्ध्यावर तपकिरी डाग.

“बंबात घातलं होतं,” ती म्हणाली. “मी ओढून काढलं. ते शोधायलाच मारत होते.”

सासऱ्यानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तो हा.

लखीचंदशेठनी एवढ्या वयात जी झेप घेतली, ती कोणाच्या हिशेबात नव्हती. धोतरावर नाही, थेट तिच्या गळ्यावर. दोघं भिंतीवर आदळली. तिचे पाय जमिनीवरून सुटले. निंबानं कंबर धरून ओढलं, पकड सुटेना. शेवटी भटू देवरेंनी दंडुका त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज बैठकीत सगळ्यांना ऐकू आला.

झटापटीत घुंगट सरकला होता. सुजलेला डोळा, फाटलेला ओठ. मोहनबाईनं तो पुन्हा ओढला नाही. खोकत, गळा चोळत ती त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली.

लखीचंदशेठनी तिच्याकडे पाहिलं. मग ‘खिडकी’कडे. पुन्हा तिच्याकडे.

“ही?” ते पुटपुटले. “मग ती... मी फाडली ती बाई कोण?”

“मी शे ती, शेठ,” दारातून धुरपदाबाई म्हणाली. “कितला वरीस व्हयनात, तुमनं घर मी झाडस. मन्हं तोंड तं रोज उघडंच व्हतं.”