तिसऱ्या केबलचं टोक

तुम्ही खोटं बोललात, साहेब.

माईकवर बोललात, स्मारकाच्या दगडावर कोरून बोललात आणि बावीस वर्षांनी परत तेच बोललात. महोत्सवात एकोणीस माणसं गेली म्हणे. एकोणीसच.

विसावा माझा सख्खा भाऊ आहे. तो भाऊ आहे म्हणून मी हे लिहीत नाहीये. मी त्याचा आवाज ऐकला म्हणून लिहितोय.

भर उन्हात. दुपारी सव्वाचार वाजता. मी पीत नाही, झोप पूर्ण झाली होती, ताप नव्हता. या पेजवर लोक मजेसाठी भुताच्या गोष्टी वाचतात, माहीत आहे मला. खुशाल वाचा. ज्यांना फेकाफेक वाटेल त्यांनी पुढे जा. माझं शिक्षण नववीपर्यंत. मला खरं सजवता येत नाही, तर खोटं काय सजवणार?

आधी महोत्सवाबद्दल सांगतो, कारण हल्लीच्या पोरांना तो फक्त पोस्टरवर माहीत आहे.

गावाबाहेरच्या मैदानात तीन रात्री गाणं चालायचं. लोक वर्षभराची सुट्टी त्यासाठी साठवायचे, लग्नाच्या तारखा मागेपुढे करायचे. तिकीट नाही मिळालं तर कुंपणाबाहेर पथारी टाकून ऐकायचे. आणि तिथे साउंडला आम्ही दोघे भाऊ.

मी मिक्सरवर, प्रेक्षकांच्या मधोमध एका लाकडी चौथऱ्यावर. दादा स्टेजवर, माईक आणि वायरी सांभाळायला. आमच्या दोघांमध्ये एक तार असायची, टॉकबॅक म्हणतात तिला. तिकडे पेटीवरचं बटण दाबलं की माझ्यासमोर छोटा लाल दिवा लागतो आणि हेडफोनमध्ये बोलणं ऐकू येतं. दादा बटण नेहमी दोनदा दाबायचा. टक-टक. म्हणजे, बारक्या, ऐक.

बावीस वर्षांपूर्वी, शेवटच्या रात्री साडेनऊला, स्टेजच्या पलीकडे, मागच्या गेटपाशी चेंगराचेंगरी झाली. तिकिटं जागेपेक्षा जास्त विकली होती. बड्या पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या म्हणून गेटला बाहेरून कुलूप होतं. गेटच्या आतल्या बाजूला नाला होता, त्यावर फरश्या. वजनाने फरश्या फुटल्या.

एकोणीस प्रेतं काढली.

दादा सापडला नाही.

साहेब, तुमच्या समितीने काय म्हणावं? "वायरमन घाबरून पळाला."

वहिनीच्या लग्नाला तेव्हा चौदा महिने झाले होते. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहे, तेव्हाही होती. बावीस वर्षं ती परक्यांच्या चादरींच्या घड्या घालतेय आणि मागे बायका कुजबुजतात, "हिचाच ना तो, पळालेला?" मला ती एकदाच म्हणाली होती.

"भाऊजी, मला मेलेला चालेल. पळालेला नको."

यंदा महोत्सव परत सुरू झाला. नव्या पिढीसाठी, तीच जादू. असं पोस्टरवर होतं. कोऑर्डिनेटर बाईंचा मला फोन आला. जुन्या टीममधला एक तरी माणूस हवा, 'स्टोरी छान होते' म्हणाल्या. मी एकच अट घातली. सुरुवातीला गेलेल्यांची नावं वाचाल तेव्हा दादाचं नाव वाचा. विसावं.

साहेब, तुम्ही स्वतः म्हणालात, "वाचू की! त्यात काय एवढं?"

मी वहिनीला सांगितलं. तिने त्या शनिवारी रजा टाकली. बावीस वर्षांत पहिली.

शनिवारी सकाळी मी आणि पैलवान मैदानावर गेलो. पैलवान म्हणजे माझा जोडीदार. पन्नाशीचा माणूस, वजन पंचेचाळीस किलो, म्हणून पैलवान. केबली सगळ्या नव्या होत्या, आदल्या दिवशी आम्हीच खोक्यातून काढून गुंडाळून ठेवलेल्या. केबलींची पेटी उघडली तर वरच्या तीन केबली...

उलट्या गुंडाळलेल्या.

केबल गुंडाळायची ज्याची त्याची ढब असते, सहीसारखी. उजवा माणूस एका दिशेने वेटोळी घालतो, डावखुरा दुसऱ्या. मी उजवा, पैलवान उजवा.

दादा डावखुरा होता.

"पैलवान, काय रे हे?"

"मास्तर, मला सुलटं धड जमत नाही, उलटं कुठून जमेल?"

हसलो आम्ही. ते शेवटचं हसणं.

दुपारी टेस्टिंग सुरू केलं. टाळ्या टिपायला मैदानात चार माईक लावतात. एकेक उघडून ऐकत होतो. पहिल्यात कावळे, आणि खुर्च्या मांडणारे एकमेकांच्या आयाबहिणींची विचारपूस करत होते. दुसऱ्यात रस्त्यावरचे ट्रक. तिसऱ्यात जनरेटर. चौथा माईक मागच्या गेटजवळ.

त्यात... काहीच नाही.

माईक कितीही बरा असो, शांततेतही त्याला बारीक सूं असतो. तो सूंसुद्धा नाही.

"गेला वाटतं," पैलवान म्हणाला. माईक बदलला. वायर बदलली. शेवटी जनरेटर ऐकवणारा तिसरा माईक उचलून तिथे लावला, आणि तोही तिथे गेल्यावर मुका. परत जागेवर आणला की बोलतोय. तिथे नेला की मुका.

पैलवान बिस्किटाचा पुडा फोडून माझ्याशेजारी बसला. स्टेजवर कोणी नव्हतं. टॉकबॅकची पेटी स्टेजच्या कडेला ठेवलेली, मला इथून दिसत होती.

लाल दिवा लागला.

टक-टक.

"शॉर्ट असेल," पैलवान म्हणाला. बिस्किट तोंडापाशी तसंच.

टक-टक.

मी हेडफोन लावला.

आधी श्वास ऐकू आले... एकाचे नाही, खूप जणांचे. एकमेकांत अडकलेले. लोखंडावर हात आपटत होते. एक बाई कोणाला तरी विनवत होती, "पाय काढा हो, पाय काढा..."

आणि मग दादा.

"बारक्या... तीन केबली जोडून आलोय. पुढे पुरत नाही. कुलूप आहे गेटला. सगळ्यांना माईकवरून थांबव. गेट उघडायला सांग."

इथे मला एक कबूल करायचंय. बावीस वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोलिसांना नाही.

त्या रात्रीही दिवा लागला होता.

गायिका अगदी संथ, अगदी हळू गात होती. टाचणी पडली तर ऐकू येईल असं मैदान. माझ्या हेडफोनमध्ये खरखर आली. शब्द लागायच्या आत मी टॉकबॅक म्यूट केला. ही आम्हा मिक्सरवाल्यांची खोड. गाणं हळू झालं की आधी टॉकबॅकचा गळा दाबायचा. दिवा लागतच होता, डोळ्याला त्रास होत होता. म्हणून मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

मला वाटलं, पाणी हवं असेल दादाला.

अकरा मिनिटं. गाणं संपेपर्यंत.

माझ्याभोवती हजारो माणसं होती, दादाला माझ्यापर्यंत धावत येता येत नव्हतं. सगळ्या मैदानाशी बोलू शकेल असा माणूस एकच, मी. म्हणून तो पेटी हातात घेऊन, केबलीला केबल जोडत गेटकडे गेला. दिसेल ते मला सांगायला.

आणि मी पट्टी लावली.

"दादा, कुठे आहेस?" मी माईकमध्ये ओरडलो.

दिवा विझला.

पैलवानाने दिवा पाहिला होता, आवाज नव्हता ऐकला. पण माझं तोंड पाहिलं त्याने. मी त्या तीन उलट्या केबली उचलल्या. एक केबल वीस मीटर. स्टेजच्या कडेपासून गेटकडे जोडत निघालो. पहिली. दुसरी. तिसरी जिथे संपली तिथे एक काँक्रीटचा स्लॅब आहे. नाला होता ना, त्यावर ओतलेला. त्याच्यावर यंदा महोत्सवाच्या नावाची माणूसभर उंच अक्षरं उभी केली होती, लोकांना फोटो काढायला.

मी केबलचं टोक स्लॅबवर ठेवलं. आम्ही दोघे मागे सरलो. केबल सैल पडली होती, मधे दोन-तीन वळणं होती.

वळणं हळूहळू सरळ झाली...

कोणीतरी टोक ओढत होतं. टोकाला कोणी नव्हतं. केबल तारेसारखी ताणली गेली, एकदा थरथरली, आणि मग परत जमिनीवर पडली.

पैलवान तिथूनच घरी गेला. त्याच्या चपला माझ्याकडे आहेत.

मी तडक तुमच्याकडे आलो, साहेब. आठवतंय? तुम्ही तंबूत पंख्यासमोर बसला होतात.

"हा स्लॅब फोडायला लावा. आत्ता."

"अहो साउंडवाले, डोकं ठिकाणावर आहे का? सहाला गेट उघडायचंय."

"माझा भाऊ खाली आहे."

"बावीस वर्षं खालीच आहे ना? मग अजून एक दिवस राहील."

बोललात आणि जीभ चावलीत. पाण्याचा ग्लास उचललात. "म्हणजे... असलाच तर, असं म्हणतोय मी."

कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, "आज नेगेटिव्ह नको ना, प्लीज."

मी चौथऱ्यावर जाऊन बसलो. का नाही हातात पहार घेतली? वहिनी येणार होती. तिला नाव ऐकायचं होतं. म्हटलं, आधी ते होऊ दे. माझं हे असंच. आधी कार्यक्रम होऊ दे.

सात वाजता मैदान भरलं. अठरा-वीस वर्षांची पोरं-पोरी, त्या रात्री जन्मालाही न आलेली. वहिनी तिसऱ्या रांगेत होती, इस्त्रीचे कपडे घालून, मांडीवर पर्स घट्ट धरून. तुम्ही नावं वाचायला लागलात. मी बोटांवर मोजत होतो.

सतरा. अठरा. एकोणीस.

तुम्ही कागदाची घडी घातलीत. "आता दोन मिनिटं शांतता."

वहिनी अजून पुढे झुकून ऐकत होती. तिला वाटलं, पान उलटताय.

टक-टक.

माझं बोट म्यूटवर गेलं. हो. बावीस वर्षांनीसुद्धा, सगळं कळल्यावरसुद्धा, शांतता होती म्हणून बोट आपोआप तिथेच गेलं.

मग मी ते उचललं, आणि टॉकबॅक मुख्य स्पीकरवर सोडला. पूर्ण आवाजात.

श्वास. लोखंड. "पाय काढा हो..." आणि दादा. "बारक्या... तीन केबली जोडून आलोय..."

सगळं मैदान ऐकत होतं. "गेट उघडायला सांग." तीनदा म्हणाला तो. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला.

कोणी हललं नाही. एक पोरगी हुंदका देऊन रडली.

मग टाळ्या पडल्या.

टाळ्या, साहेब! उभं राहून! त्यांना वाटलं, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे, कोणीतरी नट काय सुंदर बोलतोय. फोन वर झाले. दादा अजून बोलत होता आणि लोकांनी त्याला टाळ्यांखाली गाडला. तुम्ही स्टेजवरून हात जोडलेत, जसं काही तुम्हीच बसवलंय.

वहिनी गर्दीतून वाट काढत चौथऱ्यापाशी आली.

"हे कधीचं आहे?"

"रेकॉर्डिंग नाहीये, वहिनी."

"आवाज त्यांचा आहे."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

मी मान खाली घालून मिक्सरकडे बघितलं.

"भाऊजी, वर बघा. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. गेट उघडायला."

मी वर बघितलं नाही.

सात आठवडे झाले. वहिनी दार उघडत नाही. धुलाईखान्यात गेलो तर बायका म्हणतात, आज आली नाही, आणि आत तिचा खोकला ऐकू येतो. पळालेला नको होता तिला. मेलेला मिळाला. माझ्या हातून मेलेला.

त्या संध्याकाळचं आमचं रेकॉर्डिंग मी तपासलं. टॉकबॅकच्या चॅनेलवर सरळ रेघ आहे. काही नाही. लोकांच्या फोनमध्ये मात्र आवाज आहे, स्वच्छ. लाखो लोकांनी बघितलाय तो व्हिडिओ. 'अंगावर काटा.' 'कॉन्सेप्ट कोणाची?' बाईंचा मेसेज आला, पुढच्या वर्षीच्या ओपनिंगला तो ऑडिओ हवाय, फाईल पाठवा.

मी काम सोडलंय. घरात मिक्सर नाही, केबल नाही. तरी जेवताना डोळ्याच्या कडेला काहीतरी लाल लागतं. आता मी लगेच वळून बघतो. दर वेळी. दर वेळी भिंत असते.

गेल्या आठवड्यात मला एका म्हाताऱ्याचा फोन आला. त्याने तो व्हिडिओ पाहिला होता. पूर्वी तो काँक्रीटची गाडी चालवायचा. चेंगराचेंगरीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याची गाडी नाल्यावर बोलावली होती. अजून नातेवाईक दोरीमागे उभे राहून नावं पुकारत होते. म्हातारा म्हणाला, "मी गाडी बंद केली होती, भाऊ. खाली उतरलो. म्हटलं, खालून कोणीतरी ठोकतंय. समितीची चार माणसं उभी होती तिथे. त्यातला एक म्हणाला, ओत."

एवढं बोलून तो रडायला लागला. नाव त्याला माहीत नाही. चेहरा आठवत नाही म्हणतो.

मी माझं सांगून टाकलं. बटण मी दाबलं, पट्टी मी लावली, काय शिक्षा द्यायची ती द्या. आता तुम्ही सांगा, साहेब. चारजण होतात. तिसऱ्या दिवशी, खालून ठोकत असताना, 'ओत' कोण म्हणालं?